वेदनाशामक बाह्य औषधे : स्नायू व सांध्यांच्या दुखापतींवरील

स्नायू ताणला जाणे, सांधा मुरगळणे, अंग लचकणे, मुका मार लागणे यांसारख्या दुखापतींत वेदना कमी करण्यासाठी त्वचेवर लावण्यात येणाऱ्या द्रव्यांस वेदनाशामक बाह्य औषधे म्हणतात. तेल, लेप, मलम, जेल, फवारा व औषधी चिकटपट्टी ही त्यांची प्रमुख रूपे होत. पोटात घेतलेले औषध रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचते. बाह्य औषध दुखऱ्या जागेजवळच लावले जात असल्याने त्याचे इतर अवयवांवरील परिणाम कमी होतात, ही या उपचारामागील मूळ कल्पना आहे.

क्रियेच्या दृष्टीने या औषधांचे तीन वर्ग पडतात : (१) त्वचेचा क्षोभ करून ऊब, गारवा वा चुरचुर उत्पन्न करणारी प्रतिक्षोभक द्रव्ये (उदा., मेंथॉल, कापूर, विंटरग्रीन तेल), (२) त्वचेतून खाली झिरपून शोथ (दाहयुक्त सूज) कमी करणारी औषधे (उदा., डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन); (३) वेदनावाहक तंत्रिका बधिर वा निष्क्रिय करणारी द्रव्ये (उदा., लिडोकेन, कॅप्सेसीन). पहिल्या वर्गातील द्रव्यांचा परिणाम लावताक्षणी जाणवतो. दुसऱ्या वर्गातील औषधे जवळजवळ काहीच जाणवू देत नाहीत. औषध अंगाला जाणवणे व त्याने गुण येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लक्षात येण्यास वैद्यकाला फार काळ लागला. या औषधांचा इतिहास हा बव्हंशी त्या जाणिवेचा इतिहास आहे.

प्राचीन काळ : भारतीय वैद्यकात अभ्यंग (तेल चोळणे), स्वेदन (शेक देणे) व लेप हे तीन बाह्योपचार फार पूर्वीपासून रूढ आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अठराव्या अध्यायात लेपाची गणना सर्व प्रकारच्या सुजांवरील प्रथम उपचारात केलेली असून त्याचे प्रलेप, प्रदेह व आलेप असे तीन भेद सांगितले आहेत. लेपाची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी असावी, तो केसांच्या दिशेच्या उलट लावावा, वाळल्यावर अंगावर ठेवू नये, शिळा लेप पुन्हा वापरू नये, असे बारीक नियमही तेथे आढळतात. द्रव्य कोणते याबरोबरच ते कसे लावावे यालाही महत्त्व दिलेले दिसते.

याच ग्रंथाच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा व हाड मोडण्याचे बारा प्रकार वेगळे वर्णिले आहेत. हाड मोडल्यास ते जागी बसवावे, झाडाच्या सालीच्या पट्ट्यांनी बांधावे आणि मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन व तांदळाचे पीठ यांचा तुपातील लेप द्यावा, असा उपचार चिकित्सास्थानात आला आहे. येथे लेप हा बांधणीला पूरक आहे, तिला पर्याय नव्हे. दुखापत कोणती हे आधी ठरवावे व मग लेपाचा विचार करावा हा क्रम आजही योग्य मानला जातो.

मध्ययुगीन शार्ङ्गधरसंहितेत वातविकारांवरील नारायण तेलाचा पाठ आहे. महाराष्ट्रातील घरगुती उपचारांत मुक्या मारावर आंबेहळद व रक्तचंदन सहाणेवर उगाळून केलेला कोमट लेप, सांधेदुखीवर निर्गुडीचा वा एरंडाच्या पानांचा शेक हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ग्रीक वैद्यकातही बाह्योपचारांना स्थान होते. जखम नसलेल्या सांध्यांची सूज व वेदना यांवर थंड पाण्याची धार धरावी, असा निर्देश हिपॉक्राटीझ यांच्या नावावरील सूत्रांत मिळतो. शेक व गारवा यांपैकी काय निवडावे, हा प्रश्न असा दोन सहस्रकांहून अधिक जुना आहे.

नवी द्रव्ये : सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर मिरची अमेरिकेतून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. स्वयंपाकाप्रमाणे औषधांतही तिचा उपयोग होऊ लागला. तिच्यातील तिखट द्रव्य १८१६ मध्ये सी. एफ. बुखोल्ट्स यांनी अशुद्ध रूपात वेगळे केले व १८७६ मध्ये जॉन क्लफ थ्रेश यांनी ते शुद्ध करून त्याला कॅप्सेसीन हे नाव दिले. पुदिन्याच्या तेलातील स्फटिकरूप द्रव्याचे (मेंथॉलाचे) वर्णन हॉलंडमधील गाउबियस यांनी १७७१ मध्ये केले होते. पुदिन्याचे फूल या नावाने ते भारतीय बाजारात परिचित झाले. ते कापूर व ओव्याचे फूल यांच्याबरोबर एकत्र ठेवले असता तिन्ही घन पदार्थांचा द्रव बनतो. हे मिश्रण घरगुती औषध म्हणून सर्वत्र वापरले गेले.

अमेरिकेतील मूळ रहिवासी विंटरग्रीन या झुडपाची पाने अंगदुखीवर वापरीत. त्याच्या सुवासिक तेलाचा मुख्य घटक मिथिल सॅलिसिलेट आहे, हे १८४३ मध्ये फिलाडेल्फिया येथील विल्यम प्रॉक्टर व फ्रान्समधील ऑग्यूस्त काऊर यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्याच कुलातील एक झुडूप निलगिरी व खासी टेकड्यांत वाढते. त्याचे तेल भारतात गंधपुऱ्याचे तेल म्हणून ओळखले जाते. पुढे हे संयुग कारखान्यांत कृत्रिम रीत्या तयार होऊ लागले आणि स्वस्त झाले. ऊब देणारे सॅलिसिलेट, गारवा देणारे मेंथॉल व उग्र वासाचा कापूर या त्रयीवर पुढील शतकभरातील बहुतेक मलमे उभी राहिली.

तयार औषधांचा व्यापार : एकोणिसाव्या शतकात वैद्याकडून लेप करून घेण्याऐवजी बाजारातून तयार कुपी आणण्याची प्रथा पडली. इंग्लंडमधील स्लाउ येथे जेम्स एलिमन यांनी १८४७ मध्ये चोळण्याचे औषध विक्रीस आणले. त्याचा एक प्रकार घोडे व इतर जनावरांसाठी, तर दुसरा माणसांसाठी विकला जाई. शर्यतीच्या घोड्यांवरील औषध खेळाडूंच्या अंगी येण्याची ही परंपरा अमेरिकेतही आढळते. रंगूनमध्ये १८७० च्या दशकात औषधालय काढणाऱ्या ऑ चू किन या चिनी वैद्याच्या मलमाचा त्याच्या मुलांनी टायगर बाम या नावाने सिंगापूरहून आशियाभर प्रसार केला.

भारतात काशिनाधुनी नागेश्वर राव (१८६७–१९३८) यांनी १८९३ मध्ये मुंबई येथे अमृतांजन या वेदनाशामक मलमाचा व्यवसाय सुरू केला. या व्यवसायाच्या बळावर त्यांनी १९०८ मध्ये मुंबईतूनच आंध्र पत्रिका हे तेलुगू नियतकालिक काढले. १९१४ मध्ये त्यांनी आपले कार्य मद्रासला हलविले. मलमाच्या छोट्या कुपीने एका भाषिक चळवळीला आर्थिक आधार द्यावा, ही भारतीय औषध-उद्योगाच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

या व्यापाराची दुसरी बाजू अमेरिकेतील क्लार्क स्टॅन्ली याच्या उदाहरणात दिसते. संधिवात, मुरगळ, लचक अशा अनेक तक्रारींवर तो सर्पतेल विकत असे व त्यासाठी १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याने लोकांसमोर साप मारून दाखविले होते. अमेरिकेत १९०६ मध्ये अन्न व औषध कायदा झाल्यावर शासकीय प्रयोगशाळेत त्या तेलाची तपासणी झाली. त्यात खनिज तेल, बहुधा गोवंशीय चरबी, मिरचीचा अर्क आणि कदाचित कापूर व टर्पेंटाइन आढळले. सापाचा अंश नव्हता. १९१६ मध्ये खटला होऊन त्याला २० डॉलर दंड झाला. पुढे इंग्रजीत सर्पतेल हा शब्द लबाडीच्या औषधाचा वाचक बनला. तथापि ग्राहकांना ते औषध इतकी वर्षे खरे का वाटले, याचे उत्तर त्याच विश्लेषणात आहे. मिरचीने त्वचा तापत होती व कापराचा वास येत होता. औषध काम करीत आहे, अशी खात्री ग्राहकाला त्याच्या त्वचेनेच दिली होती.

क्रियेची उपपत्ती : एका जागी क्षोभ निर्माण केल्यास दुसऱ्या जागेची वेदना ओसरते, या समजुतीवर मोहरीचे पोटीस व फोड आणणारी मलमे वापरली जात. तिला शास्त्रीय आधार बऱ्याच उशिरा मिळाला. रॉनल्ड मेल्झॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या द्वार-नियंत्रण सिद्धांतानुसार स्पर्शाच्या संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूंच्या उत्तेजनामुळे मेरुरज्जूच्या पातळीवर वेदनेचे संदेश अडविले जातात. या सिद्धांताच्या तपशिलांत पुढे बदल झाले. तथापि दुखरी जागा चोळल्यावर बरे का वाटते, याचा उलगडा त्याने केला.

१९९७ मध्ये डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेत कॅप्सेसिनाला प्रतिसाद देणारा ग्राही सापडला. हाच ग्राही दाहक उष्णतेनेही उत्तेजित होतो. मेंथॉल व थंडी या दोहोंना प्रतिसाद देणारा ग्राही २००२ मध्ये ज्यूलियस व आर्डेम पॅटापूटियन यांनी स्वतंत्रपणे शोधला. तापमान व स्पर्श यांच्या ग्राहींवरील संशोधनाबद्दल या दोघांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधांवरून असे दिसते की, मिरचीची आग किंवा पुदिन्याचा गारवा हा ऊतकांच्या तापमानातील बदल नसून तंत्रिकांना दिलेला संदेश आहे. मलम लावल्यावर सांध्याच्या आत ऊब पोहोचल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात घडते ते मुख्यतः त्वचेत.

शोथरोधक जेल : जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये ॲस्पिरीन हे प्रोस्टाग्लॅंडिनांची (शोथ व वेदना वाढविणाऱ्या द्रव्यांची) निर्मिती रोखते, असे दाखवून दिले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. स्टेरॉइडेतर शोथरोधक औषधांपैकी आयब्युप्रोफेन ब्रिटनमध्ये १९६९ पासून मिळू लागले. डायक्लोफेनॅक स्वित्झर्लंडमध्ये आल्फ्रेट झालमान व रूडोल्फ फिस्टर यांनी १९७३ मध्ये तयार केले. ही औषधे पोटात घेतल्यास जठरात व्रण व रक्तस्राव होऊ शकतो. मूत्रपिंड व हृदय यांनाही धोका संभवतो. म्हणून ती त्वचेतून देण्याचे प्रयत्न सुरू झाले.

त्वचेचा बाह्य थर बहुतेक द्रव्यांना अडवितो, ही त्यातील मुख्य अडचण होती. तिच्यावर मात करण्याच्या ओघात कागद-उद्योगातील उपपदार्थ असलेला डायमिथिल सल्फॉक्साइड हा विद्रावक १९६०–७० या दशकात गाजला. ओरेगन विद्यापीठातील स्टॅन्ली जेकब यांनी तो त्वचेतून झपाट्याने आत शिरतो व वेदना कमी करतो, असे प्रतिपादन केले. परंतु प्राण्यांच्या नेत्रभिंगांत बदल आढळल्याने १९६५ च्या अखेरीस अमेरिकेत त्याच्या चाचण्या थांबविण्यात आल्या. जे द्रव्य त्वचा सहज ओलांडते, त्याच्यापासूनचा धोकाही त्वचेपुरता राहत नाही, हा धडा यातून मिळाला. १९८०–९० या दशकात जेल व मलई यांचे गुण एकत्र असलेली माध्यमे वापरात आली. डायक्लोफेनॅकाचे १ टक्का जेल लावल्यास सर्व शरीराला मिळणारे औषध गोळीच्या तुलनेत सु. ६ टक्केच असते.

परिणामांचे मोजमाप : बहुतेक किरकोळ दुखापती आपोआप बऱ्या होत असल्याने त्या काळात लावलेले कोणतेही मलम गुणकारी ठरल्यासारखे वाटते. हा भ्रम टाळण्यासाठी रुग्णांचे यादृच्छिक गट पाडून एका गटाला औषध व दुसऱ्याला तसेच दिसणारे निष्क्रिय मलम देतात. अशा ६१ अभ्यासांचा आढावा कॉक्रन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. सु. एका आठवड्यात वेदना निम्म्याने वा अधिक कमी झालेल्या रुग्णांचे प्रमाण डायक्लोफेनॅकाच्या मलईयुक्त जेलने ७८ टक्के व निष्क्रिय मलमाने २० टक्के. कीटोप्रोफेन जेलने ७२ व ३३ टक्के. आयब्युप्रोफेन जेलने ४२ व १६ टक्के असे आढळले. औषध तेच असले, तरी माध्यम बदलल्यास परिणाम बदलतो, हेही या आढाव्यात दिसून आले. निष्क्रिय मलमाचे आकडे विशेष बोलके आहेत : औषध नसतानाही सहापासून तीनपर्यंत रुग्णांमागे एकाला चांगला आराम पडला होता. सॅलिसिलेटयुक्त प्रतिक्षोभकांच्या २०१४ च्या आढाव्यात मात्र ताज्या दुखापतींत त्यांच्या उपयुक्ततेला पुरेसा आधार मिळाला नाही.

अमेरिकेतील वैद्यकांच्या दोन संघटनांनी २०७ चाचण्यांच्या विश्लेषणाच्या आधारे २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कंबरदुखी सोडून इतर ताज्या स्नायू-सांधे दुखापतींत शोथरोधक जेल हा पहिला उपाय मानावा. त्याबरोबर मेंथॉलही वापरता येईल, अशी शिफारस त्यांत आहे. ट्रॅमडॉलसह अफूवर्गीय औषधे टाळण्यासही त्यांत सुचविले आहे. अमेरिकेत या औषधांनी आणलेल्या व्यसनाधीनतेची पार्श्वभूमी या शिफारशीला आहे.

बर्फाच्या वापराविषयीचे मतही बदलले आहे. विश्रांती, बर्फ, दाब व अवयव उंच ठेवणे ही चतुःसूत्री गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये लोकप्रिय केली. बर्फाने वेदना कमी होत असली, तरी शोथ ही ऊतकांच्या दुरुस्तीची पहिली पायरी असल्याने दीर्घकाळ बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे त्यांनीच २०१४ मध्ये नमूद केले.

अपाय : बाह्य औषध निर्धोकच असते ही समजूत चुकीची आहे. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका चहाच्या चमच्यात (५ मिलि.) सु. ७ ग्रॅम ॲस्पिरिनाएवढे सॅलिसिलेट असते. म्हणजे ३२५ मिग्रॅ.च्या वीसहून अधिक गोळ्या. सुवासामुळे ते एखाद्या बालकाने गिळल्यास एवढे प्रमाण प्राणघातक ठरू शकते. हे द्रव्य त्वचेतूनही शोषले जाते. वॉरफेरीन हे रक्त गोठण्यास विरोध करणारे औषध घेणाऱ्यांत त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो. कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना आकडी येते. अमेरिकेत १९८२ मध्ये कर्पूरयुक्त तेलावर बंदी घालण्यात आली व बाह्य औषधांतील कापराचे प्रमाण ११ टक्क्यांपर्यंत मर्यादित करण्यात आले.

मेंथॉल व मिथिल सॅलिसिलेट यांची तीव्र मिश्रणे लावल्यावर त्वचा भाजल्याच्या तक्रारी आल्याने अमेरिकी औषध प्रशासनाने २०१२ मध्ये जाहीर इशारा दिला. अशा मलमावर घट्ट पट्टी बांधल्यास किंवा गरम पिशवी ठेवल्यास हा धोका वाढतो. कीटोप्रोफेन लावलेली त्वचा उन्हात आल्यास तीव्र अधिहर्षता (ॲलर्जी) उद्‌भवू शकते. म्हणून यूरोपीय औषध नियंत्रण संस्थेने २०१० मध्ये ते केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर देण्याची शिफारस केली. ॲस्पिरिनाने दमा उद्‌भवणाऱ्यांनी व गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांतील स्त्रियांनी शोथरोधक जेल टाळावयाचे असते.

औषधापेक्षा चोळण्याने होणारे नुकसान मोठे असू शकते. विशेषतः मुलांच्या कोपराला दुखापत झाल्यावर तेल लावून तो जोराने चोळल्यास वा ओढल्यास सांध्याभोवतीच्या स्नायूंत हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडण्याचा संभव असतो. वेदना दबल्यामुळे मोडलेल्या हाडाकडे दुर्लक्ष होणे, हाही तितकाच गंभीर धोका होय.

निवड : औषध निवडण्यापूर्वी दुखापतीचे स्वरूप पाहणे आवश्यक असते. घोट्याच्या दुखापतीसाठी इअन स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये घालून दिलेले नियम या दृष्टीने उपयुक्त आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागील कडेवर वा टोकावर दाबले असता हाड दुखणे किंवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता न येणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्ष-किरण चित्र घेतात. अवयव वाकडा दिसणे, बधिरता येणे वा ताप येऊन सांधा लाल व गरम होणे या लक्षणांतही मलम लावून वाट पाहणे योग्य नसते.

हाड शाबूत असल्याची खात्री झाल्यावर ताज्या मुरगळीत पहिले एक-दोन दिवस थोडा वेळ गारवा व दाबपट्टी यांचा उपयोग करतात. या काळात शेक व जोराचे मर्दन वर्ज्य असते. त्वचा अखंड असल्यास शोथरोधक जेल ठरलेल्या प्रमाणात काही दिवस नियमितपणे लावतात. त्याचा परिणाम लगेच जाणवत नसल्याने ते अर्ध्यावर सोडून दिले जाते किंवा त्यावर दुसरे उष्ण मलम चढविले जाते, असा अनुभव आहे. गुडघा व हात यांसारख्या त्वचेजवळच्या सांध्यांत या जेलाचा उपयोग होतो. खुब्यासारख्या खोल सांध्यापर्यंत ते पुरेसे पोहोचत नाही. श्रमाने आंबलेल्या स्नायूंसाठी शेक, हलके मर्दन व साधे बाम तात्पुरता आराम देतात. कॅप्सेसिनाचे मलम जुनाट गुडघेदुखीत काही आठवडे नेमाने लावल्यावर उपयोगी पडते. ताज्या दुखापतीत त्याला स्थान नाही. फोडी वा जखमा झालेल्या त्वचेवर यांपैकी काहीही लावत नाहीत. औषध लावल्यावर हात धुणे व कुपी मुलांच्या हाती लागू न देणे हे नियम सर्वांनाच लागू पडतात.

कोणतेही बाह्य औषध तुटलेला अस्थिबंध जोडीत नाही वा फाटलेला स्नायू सांधीत नाही. ते काम शरीर स्वतः करते. वेदना सुसह्य करून अवयवाची हालचाल टप्प्याटप्प्याने पूर्ववत सुरू करता यावी, एवढेच या औषधांचे प्रयोजन आहे. वेदना ही दुखापतीची सूचनाही असल्यामुळे ती शमली म्हणून खेळ वा श्रम लगेच पूर्ववत सुरू करणे हितावह नसते.